मधमाशीचे घर, आपले घर आणि अल्लाहचा आदेश

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने जमिनीवरील प्रत्येक सजीवाला त्याची वाट दाखविली व त्याच्या उपजीविकेची जबाबदारी स्वतःकडे घेतली. दरूद व सलाम त्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांना केवळ माणसांसाठी नव्हे तर सर्व विश्वांसाठी कृपा म्हणून पाठविण्यात आले.



पावसाळा सरून झाडांना फुलोरा येऊ लागला, की आपल्या कल्याणच्या कोणत्या ना कोणत्या इमारतीत एक प्रसंग हमखास घडतो. वरच्या मजल्याच्या छज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या पोटाशी किंवा जिन्याच्या खिडकीवर एक काळसर चंद्रकोर लटकलेली दिसते. दोन दिवसांपूर्वी तेथे काहीच नव्हते. जवळ जाऊन पाहावे तर ती चंद्रकोर जिवंत असते, हलत असते. आग्या मोहोळ बसलेले असते. आई मुलांना गॅलरीत जाऊ देत नाही, दोरीवरचे कपडे तसेच राहतात आणि रात्री सोसायटीच्या सभासदांची बैठक भरते.

त्या बैठकीत सामान्यतः चार मते ऐकू येतात. पहिला म्हणतो, "रात्री टेंभा लावा आणि जाळून टाका." दुसरा म्हणतो, "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, एका फवाऱ्यात काम होईल." तिसरा म्हणतो, "हात लावू नका, घरात बरकत आली आहे." चौथा, ज्याची गॅलरी दुसऱ्या बाजूला आहे, तो म्हणतो, "आमचा काय संबंध?" ही चार मते मांडून होतात, आवाज चढतात, परंतु पाचवा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो असा, की या बाबतीत आपल्या निर्मात्याचा आदेश काय आहे?

कोणाला वाटेल, की दीन एवढ्या लहान गोष्टीत कशाला आणावा? वाचकहो, ज्या दीनने आपल्याला पाणी पिण्याची रीत शिकविली, वाटेवरचा काटा बाजूला करण्याला ईमानची शाखा ठरविले, तो दीन आपल्या छज्जाखालील हजारो जिवांबद्दल आणि त्यांच्या भीतीने घरात कोंडल्या गेलेल्या मुलांबद्दल मौन बाळगील, हे संभवत नाही.

तिला परवानगी कोणी दिली?

पवित्र कुरआनच्या एका संपूर्ण सूरहला मधमाशीचे नाव लाभले आहे. सूरह अन्‌-नहल, क्रमाने १६वी, आयती १२८. तिच्या ६८व्या व ६९व्या आयतींत अल्लाह सांगतो, की त्याने मधमाशीच्या अंतःकरणात ही गोष्ट घातली, की तिने डोंगरांत, झाडांवर आणि माणसे जे उभारतात त्यात आपली घरे करावीत; मग सर्व प्रकारच्या फळाफुलांतून रस घ्यावा आणि आपल्या पालनकर्त्याने सुकर केलेल्या वाटांनी जावे. तिच्या पोटातून निरनिराळ्या रंगांचे पेय निघते व त्यात लोकांसाठी आरोग्य आहे. विचार करणाऱ्यांसाठी यात संकेत आहे.

यातील तिसऱ्या ठिकाणावर क्षणभर थांबावे. डोंगर आणि झाड समजण्यासारखे आहे. परंतु माणसे जे उभारतात त्यातही! मूळ अरबी शब्दात मांडव, छत, वेलींसाठी उभारलेला साज आणि घर या सर्वांचा समावेश होतो. म्हणजे आपल्या इमारतीवर जी माशी आली, ती घुसखोर म्हणून आलेली नाही. तिला ज्याने निर्माण केले, त्यानेच तिला ही वाट दाखविली. आपण इमारत उभारण्याच्या कितीतरी शतके आधी तिच्या या पत्त्याची नोंद कुरआनात झालेली आहे. येथे अल्लाहने वापरलेला शब्दही 'वह्य'च्या धातूपासूनचा आहे. प्रेषितांकडे येणाऱ्या वह्यीहून ही प्रेरणा अर्थातच वेगळी आहे; तरीही एका कीटकासाठी हा शब्द यावा, यातच त्याचा सन्मान दिसतो. अरबी जाणणारे हेही लक्षात आणून देतात, की त्या आयतींत माशीला दिलेल्या आज्ञा स्त्रीलिंगी रूपात आहेत. आणि पोळे बांधणारी, रस आणणारी, पिलांना भरविणारी कामकरी माशी मादीच असते, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहे.

आता आपल्या शहराकडे पाहा. उल्हास नदीच्या खाडीकाठचे हे जुने बंदर. एके काळी येथे वाड्या होत्या, चिंच-आंब्याची झाडे होती, खाडीलगत खारफुटी होती. आज खडकपाडा, गंधारे, बारावे या बाजूंना जेथे शेते होती तेथे उंच मनोरे उभे आहेत. आग्या माशीला उंच कड्याखाली अथवा मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे बांधण्याची सवय आहे. झाड तोडून आपण तेथे कड्यासारखी इमारत उभी केली. माशीच्या दृष्टीने दहाव्या मजल्याचा छज्जा म्हणजे डोंगराचा कडाच होय. ती आपल्या घरात आली, की आपण तिच्या घरात गेलो, याचा निवाडा प्रत्येकाने स्वतःच करावा.

अग्नीची शिक्षा देण्याचा अधिकार कोणाचा?

हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून वर्णित व 'अबू दाऊद'मध्ये संग्रहित हदीसनुसार प्रेषितांनी (स.) चार जिवांना ठार मारण्यास मनाई केली: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी. दुसऱ्या बाजूला बुखारी व मुस्लिम या संग्रहांत अशा पाच प्राण्यांचा उल्लेख आहे, ज्यांना उपद्रवी असल्यामुळे हरमच्या पवित्र हद्दीतही मारण्याची परवानगी आहे. विंचू व उंदीर त्यांत आहेत. या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शरीअत उपद्रवाकडे डोळेझाक करीत नाही. परंतु मधमाशीला तिने उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातलेले नाही. तिला उलट यादीत, म्हणजे संरक्षणाच्या यादीत ठेवले आहे. झुरळाला आणि मधमाशीला एकच फवारा, हा न्याय आपल्या दीनचा नव्हे.

आणि जाळणे? बुखारी व मुस्लिममध्ये एका पूर्वकालीन प्रेषितांची घटना आली आहे. एका मुंगीने त्यांना चावा घेतला. त्यांनी मुंग्यांचे संपूर्ण वारूळ जाळविले. तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला, की चावली एकच मुंगी आणि तुम्ही अल्लाहची स्तुती करणारी एक अख्खी उम्मत जाळून टाकली? तसेच हजरत इब्ने मसऊद (रजि.) सांगतात, की एका प्रवासात सहाबांनी मुंग्यांचे वारूळ जाळलेले प्रेषितांनी (स.) पाहिले आणि स्पष्ट केले, की अग्नीची शिक्षा देणे हे केवळ अग्नीच्या स्वामीलाच शोभते.

वाचकहो, येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या चुकांची जाहीर वाच्यता करीत राहणे दीनमध्ये इष्ट नाही, हे मी जाणतो. परंतु दुसरे वाचावेत एवढ्याचसाठी सांगतो.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना दूधनाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत आम्ही राहत होतो. मागच्या सज्जाखाली आग्या मोहोळ बसले. आम्ही तीन-चार मुलांनी कोणा वडीलधाऱ्याला न विचारता एका रात्री, इशाच्या नमाजनंतर, बांबूच्या टोकाला रॉकेलात भिजविलेला बोळा बांधला आणि तो पोळ्याला लावला. मेण भडकले. जळत्या माश्या पाण्याच्या थेंबांसारख्या खाली पडू लागल्या. आम्ही खिडकी लावून घेतली आणि आपण मोठा पराक्रम केला, असे आम्हाला वाटले.

तळमजल्यावर एक वृद्ध चाचा राहत होते. उकाड्यामुळे ते मागच्या ओट्यावर झोपत. त्यांना कोणी कळविले नव्हते. उरलेल्या माश्या खाली उतरल्या, त्या थेट त्यांच्यावर. त्यांचे ओरडणे आम्ही बंद खिडकीतून ऐकले. ते आठ दिवस रुग्णालयात होते. पहाटे दादी फज्रसाठी उठली तेव्हा जिन्यात मेलेल्या व अर्धमेल्या माश्यांचा थर होता. तिने केरसुणीने त्या सुपात भरल्या आणि मला विचारले, "हे कोणी केलं, बेटा?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." तिने पुन्हा विचारले नाही. एवढेच म्हणाली, "ज्यानं केलं त्याला अल्लाहनं लवकर समज द्यावी."

समज आली, परंतु लवकर नाही. चाचा बरे होऊन परतले, पुढे दहा वर्षे जगले, रोज मला सलाम करीत राहिले. त्यांची माफी मागेन मागेन म्हणता राहून गेली. माश्यांच्या बाबतीत मी अल्लाहपुढे तौबा केली आहे आणि तो क्षमाशील आहे. परंतु माणसाचा हक्क माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो, ही आपल्या दीनची शिकवण आहे. आणि ज्याच्याकडून माफी घ्यायची तो माणूस आता कबरीत आहे. एका रात्रीच्या अविचारात दोन जुलूम एकत्र कसे घडतात, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो.

दुसऱ्या पारड्यात माणसाचा जीव आहे

परंतु कृपया असा अर्थ काढू नये, की पोळे बसले म्हणजे हात जोडून बसावे. तिसऱ्या मताच्या बंधूंना, जे म्हणतात, "बरकत आहे, हात लावू नका," त्यांनाही आदरपूर्वक सांगितले पाहिजे, की पोळे बसणे हा शुभ अथवा अशुभ संकेत मानणे यास इस्लाममध्ये आधार नाही. शकुन-अपशकुनाचा विश्वास प्रेषितांनी (स.) नाकारला आहे. बरकत मधात आहे, ती अल्लाहने ठेवली आहे. पोळ्याच्या जागेवरून घराचे नशीब ठरत नाही.

आग्या माशीच्या एका पोळ्यावर ५०,०००हून अधिक माश्या असू शकतात. मधमाशी एकदा डंख मारते, तेव्हा तिची नांगी विषाच्या पिशवीसह आपल्या त्वचेत रुतून राहते आणि माशी मरते. त्या जागेतून जो गंध सुटतो तो इतर माश्यांना बोलावणारा असतो; म्हणून एक डंख अनेक डंखांना आमंत्रण देतो. निरोगी मनुष्य थोडे डंख सहन करतो; शेकडो डंख मात्र कोणाच्याही जिवावर बेतू शकतात. आणि ज्याच्या शरीराला या विषाचे वावडे आहे, त्याच्यासाठी एकच डंखही पुरेसा ठरू शकतो. अजिंठ्याच्या लेण्यांत आणि सह्याद्रीतील किल्ल्यांवर पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचतो. तेथे धावायला मोकळी जागा तरी असते. इमारतीच्या अरुंद जिन्यात तीही नसते.

म्हणून शरीअतचे दुसरे तत्त्वही तितकेच ठाम आहे: स्वतः हानी सोसत बसू नये आणि दुसऱ्याला हानी पोहोचवू नये. ज्याचा शेजारी त्याच्या उपद्रवापासून सुरक्षित नाही, त्याच्या ईमानबद्दल प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जुमाच्या खुत्ब्यांत ऐकत आलो आहोत. माझ्या छज्जाखालील पोळ्यामुळे शेजारच्या घरातील दम्याची रुग्ण असलेली आजी खिडकी उघडू शकत नसेल, तर माझी भूतदया तिच्या जिवावर उदार झालेली असते. चौथ्या बंधूंचे "आमचा काय संबंध" हेही याच कारणाने टिकत नाही. पोळे एकाच्या गॅलरीला असते, माश्या मात्र सगळ्या इमारतीच्या असतात.

मग या दोन आदेशांची सांगड कशी घालावी? फकीहांनी यासाठी सुंदर नियम दिले आहेत. गरजेमुळे मिळालेली सवलत गरजेपुरतीच असते. आणि अंगावर येणाऱ्याला हटविताना सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी. सौम्य उपायाने भागत असेल तर कठोर उपाय वर्ज्य. आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांच्या शाफई फिकहमध्ये स्वसंरक्षणाच्या प्रकरणात हा क्रम तपशिलाने सांगितला आहे आणि इतर मसलकही या मूळ तत्त्वाशी सहमत आहेत. मधमाशीला हे तत्त्व लावले म्हणजे क्रम असा होतो: आधी ओळखावे, मग शक्य असेल तर वाट पाहावी, मग हलवावे, आणि जिवाला खरा धोका असून दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल, तेव्हाच शेवटचा उपाय. तोही अग्नीने नव्हे आणि कमीत कमी यातना देऊन. कारण मारण्याची वेळ आली तरी तेथेही सौजन्य बाळगावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिली गोष्ट, ओळख. प्रत्येक उडणारी नांगी मधमाशी नसते. गांधीलमाशीचे घर कागदासारखे अथवा मातीचे असते, त्यात मध नसतो. कधी कधी नुसताच माश्यांचा घोस फांदीला किंवा खिडकीच्या गजाला लटकतो, पोळे नसते. ते प्रवासाला निघालेले मोहोळ असते. विसावा घेऊन बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ते स्वतःच निघून जाते. त्याला न छेडणे हाच उपाय. तळहाताएवढे लहान पोळे झुडपावर किंवा कुंडीतील फांदीवर असेल, तर ती फुलोरी माशी. ती स्वभावाने सौम्य. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीमागे किंवा माळ्यावर अंधारात अनेक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. तिला लाकडी पेटीत वसविता येते. उघड्यावर मोठे एकच पोळे बांधणारी ती आग्या. तिच्यापासून मात्र खरेच सावध राहावे.

दुसरी गोष्ट, वाट पाहणे. आग्या माशी स्थलांतर करणारी आहे. फुलोऱ्याच्या हंगामात ती येते आणि काही महिन्यांनी पोळे रिकामे टाकून निघून जाते. पोळे उंचावर, कोणाच्या येण्याजाण्याच्या मार्गापासून दूर असेल, तर त्या बाजूची खिडकी बंद ठेवून, जाळी लावून हंगाम काढणे हाच पुष्कळदा सर्वोत्तम तोडगा असतो. ही माशी रात्री प्रकाशाकडे येते. म्हणून पोळ्याजवळच्या खोलीत पडदा लावावा व बाहेरचा दिवा बंद ठेवावा. मुलांना दगड मारू देऊ नये, त्या बाजूला फटाके फोडू नयेत, धूर करू नये.

तिसरी गोष्ट, जाणकाराला बोलावणे. पोळे दारात, शाळेच्या अथवा मकतबच्या जिन्यात असेल, तर थांबणे योग्य नव्हे. अशा वेळी सोसायटीने अग्निशमन दलाला कळवावे आणि माश्या न मारता हलविणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा शोध घ्यावा. हे काम शक्य आहे, हे आपल्याच राज्याने दाखविले आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून कार्यरत आहे. पुण्याचेच अभियंता अमित गोडसे यांनी आपल्या इमारतीतील पोळ्यावर कीटकनाशक फवारल्यानंतर मेलेल्या माश्यांचा खच पाहिला, ते अस्वस्थ झाले, मधमाशीपालन शिकले आणि इमारतींतील पोळी न मारता हलविण्याचे काम त्यांनी 'बी बास्केट' या नावाने उभे केले. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. तेथील कुटुंबांनी मधमाशीलाच आपल्या उपजीविकेचा आधार केले. वाचकहो, ज्यांच्या हाती सूरह अन्‌-नहल आहे त्यांनी या कामात मागे का राहावे? आपल्या मोहल्ल्यातील दोन होतकरू तरुणांनी हे प्रशिक्षण घेतले, तर ती हलाल कमाईही होईल आणि सवाबही.

विषाचा फवारा मारणाऱ्यांनी एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात घ्यावी. भिंतीच्या पोकळीतील वसाहत विषाने मेली, की पंखांनी वारा घालून पोळे थंड ठेवणारे कोणी उरत नाही. मेण वितळते, मध भिंतीतून झिरपतो, मेलेली पिले कुजतात आणि मुंग्या, झुरळे व उंदीर जमा होतात. एक संकट घालविण्यासाठी दहा संकटे आत घेतली जातात. म्हणून माश्या हलविल्यावर पोळ्याचे अवशेष पूर्णपणे खरवडून काढावेत, जागा धुऊन घ्यावी आणि भोक सिमेंटने बुजवावे. मेणाचा वास राहिला, तर पुढच्या वर्षी नवे मोहोळ तेथेच येण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट, मजुराचा जीव. दोरीला लटकून पोळे काढणारा गरीब माणूस आपल्याला स्वस्तात मिळतो म्हणून त्याला जाळीचा पोशाख आणि सुरक्षेचा पट्टा नसताना दहाव्या मजल्यावरून उतरविणे, हा त्याच्यावर जुलूम आहे. तो पडला, तर "त्यानेच कबूल केले होते" हे उत्तर अल्लाहच्या न्यायालयात चालणार नाही. त्याची मजुरी आधी ठरवावी आणि घाम वाळण्यापूर्वी द्यावी. काम चालू असताना प्रत्येक घराला, विशेषतः तळमजल्यावरच्या माणसांना, वॉचमनला व रस्त्यावरील फेरीवाल्यांना आधी सूचना द्यावी. हे वाक्य मी कोणत्या आठवणीने लिहीत आहे, ते आपण जाणताच.

पाचवी गोष्ट, उपचार. माश्या उठल्या तर हात झटकू नयेत. डोके व चेहरा झाकून सरळ धावत बंद खोलीत शिरावे. पाण्यात उडी घेण्याने लाभ नाही, माश्या वर घिरट्या घालीत राहतात. नांगी त्वचेत दिसली, की नखाने ताबडतोब खरवडून काढावी. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. धाप लागली, ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर पित्त उठले, भोवळ आली, तर घरगुती औषधात एक क्षणही न घालविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. दुआ अवश्य करावी, परंतु उंट आधी बांधावा व मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण विसरू नये.

मधाची अमानत

पोळे काढले म्हणजे मध हाती येतो आणि तेथे आणखी एक परीक्षा सुरू होते. ज्या पोळ्यावर विष मारले, त्याचा मध विकणे म्हणजे ज्यात अल्लाहने आरोग्य ठेवले त्यात विष कालवून लोकांना देणे होय. अशी कमाई हरामच. असा मध कोणी दारावर विकायला आणला, तर स्वस्त म्हणून घेऊ नये. शुद्ध मध निघाला आणि पोळे इमारतीच्या सामाईक भागावर होते, तर तो एका घराचा नव्हे. सर्वांच्या संमतीने त्याची वाटणी व्हावी. हजरत अब्दुल्लाह इब्ने अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला हिस्सा पाठविला का? आपल्या कल्याणमध्ये एकाच जिन्यावर निरनिराळ्या धर्मांची घरे आहेत. त्या मधाची वाटी प्रत्येक दारी गेली, तर ती शंभर भाषणांहून अधिक बोलेल.

मध किती मोलाचा, हे समजण्यासाठी एवढे पुरे, की एक कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते आणि त्या संपूर्ण आयुष्यात चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्शाएवढा मध तयार करते. आपण चपातीला लावतो तो एक चमचा म्हणजे बारा आयुष्यांची मेहनत.

शेवटी, आपल्या बैठकीविषयी

एका हदीसमध्ये, जी इमाम अहमद यांनी आपल्या 'मुस्नद'मध्ये घेतली आहे, ईमानवंताला मधमाशीची उपमा दिली आहे: ती पवित्र खाते, पवित्र देते आणि जेथे बसते तेथे मोडतोड वा नासधूस करीत नाही. आता आपल्या सोसायटीची बैठक आठवा. आपण तेथे बसतो तेव्हा काय मोडून उठतो? पोळ्यावरून सुरू झालेला वाद पार्किंगवर, पाण्यावर आणि मग जातीधर्मावर जातो. हजारो माश्या एका पोळ्यावर एकमेकींना न दुखविता राहतात आणि आपण चाळीस घरे एका छताखाली राहू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी छज्जाखाली ती काळसर चंद्रकोर दिसली, तर सर्वप्रथम मुलांना जवळ बोलवा, सुरक्षित अंतरावरून ती दाखवा आणि सूरह अन्‌-नहलच्या त्या दोन आयती अर्थासह त्यांना ऐकवा. मग बैठकीला जा आणि शांतपणे विचारा, की पोळे कोणते आहे, धोका कोणाला आहे, वाट पाहता येईल का, हलविणारा कोण आहे आणि खाली कोण झोपते? मोहोळ मशिदीच्या मिनारावर बसले असले, तरी विश्वस्तांनी याच क्रमाने जावे.

आणि कोणाचा हक्क आपल्याकडून मारला गेला असेल, मग तो मधाच्या वाटीचा असो वा एखाद्या जखमेचा, तर आज संध्याकाळीच त्याच्या दारी जाऊन माफी मागा. उद्यावर टाकू नका. माणसे उद्यापर्यंत थांबतातच असे नाही.

हे अल्लाह! ज्या जिवांना तू आमच्या भिंतीवर घर दिलेस, त्यांच्या बाबतीत आम्हाला जुलूमापासून वाचव. ज्या माणसांना तू आमचे शेजारी केलेस, त्यांच्या बाबतीत आम्हाला बेफिकिरीपासून वाचव. आमच्या घरांत सलामती दे, आमच्या मुलांच्या मनात दया घाल. आणि ज्यांची माफी मागणे आमच्याकडून राहून गेले, त्यांना आपल्या कृपेने इतके दे, की ते कयामतच्या दिवशी आम्हाला माफ करतील. आमीन.